हरकतीची मुदत

“तुमचं नाव आहे की इथे आधीपासून,” काचेपलीकडच्या कारकूनबाई म्हणाल्या आणि त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवला. आधी तिला वाटलं, बाई दुसऱ्याच कोणाचं तरी बघताहेत. तिची फाइल तर तिच्या पुढ्यात अजून बंदच होती, रबर लावलेली. आत बाबांच्या मृत्यूचा दाखला, दोन फोटो, घरपट्टीची पावती, वारसांचा अर्ज, सगळं क्रमाने. बाबांना जाऊन तीन महिने झाले होते. घराच्या नोंदीतून त्यांचं नाव कमी करून वारसांची लावायची, एवढंच काम होतं. “वडिलांचं असेल,” ती म्हणाली. “मी त्यांची मुलगी. ते गेले म्हणून तर—” “वडिलांचं आहेच हो. त्यांच्याखाली तुमचं. निम्मा हिस्सा. अकरा वर्षं झाली त्याला.” बाईंनी पेनचं टोपण पडद्यावर टेकवलं. टोपणाच्या टोकाशी तिचं नाव होतं. चष्म्याच्या दुकानात ती बावीस वर्षं डोळे तपासत होती, लोकांकडून दिवसभर अक्षरं वाचून घेत होती. माणसाला समोरचं दिसत नसलं की तो मनातलं वाचतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिने डोळे मिटले, उघडले, पुन्हा वाचलं. नाव तेच. काना-मात्रेसकट तिचं.

“मला वाटलं, भावाचं असेल,” तिच्या तोंडून निसटलं.

“भावाने सोडलाय की हक्क. वडिलांनीही.” बाईंनी पडदा आपल्याकडे वळवून घेतला. “घर आई-वडिलांच्या दोघांच्या नावे होतं. आई गेल्या, तेव्हा त्यांच्या निम्म्या हिश्श्याला तुम्ही तिघं वारस. त्यातल्या दोघांनी तुमच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलंय. रीतसर रजिस्टर केलेलं. तुमची सही आहे त्यावर, अंगठा आहे, फोटो आहे. तुम्हीच होतात ना?”

“मीच होते,” ती म्हणाली. मागच्या रांगेत कोणीतरी चुळबुळ केली. बाईंनी मग पुढचं सगळं समजावून सांगितलं. आता राहिला वडिलांचा निम्मा हिस्सा, त्यावर ती आणि भाऊ. भावाला घेऊन यायचं. दोघांची नावं लावायची तर तसं, त्याला पुन्हा सोडायचं असेल तर तसं. मग नोटीस लागेल, पंधरा दिवस हरकतीची मुदत, कोणाची हरकत आली नाही की नोंद पक्की. ती मान हलवत होती. पाण्याखाली कोणी बोलावं तसे शब्द तिच्यापर्यंत गोल होऊन येत होते, जवळ आले की फुटत होते. शेवटचे तेवढे नीट ऐकू आले. “नक्कल हवी असेल तर तळमजल्यावर. दहा मिनिटांत देतात.”

नक्कल घेऊन ती व्हरांड्यातल्या बाकावर बसली. व्हरांडा लांबलचक होता आणि त्याला वरून काचेचं छत होतं. काच कित्येक वर्षांत कोणी पुसली नसावी, त्यामुळे खाली येणारा उजेड ताकासारखा पातळ पांढरा होता. बाकावर तिच्यासारखीच माणसं बसली होती, मांडीवर फाइली घेऊन. कोणाचं तरी कोणीतरी गेलेलं, आणि त्याचं नाव आता खोडून घ्यायचं. तिने पहिलं पान उलटलं. फोटो तीन होते. बाबा, मान ताठ, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. दादा, तेव्हा केस काळे. आणि ती. तिच्या चेहऱ्याकडे ती बघत राहिली. हा चेहरा तिला चांगला आठवत होता, बाहेरून नव्हे, आतून. त्या दिवशी त्या चेहऱ्याच्या आत काय चाललं होतं ते तिला अक्षरन् अक्षर पाठ होतं; अकरा वर्षं ती दुसरं काही घोकतच नव्हती.

आईला जाऊन चार महिने झाले होते. सात वर्षं आई अंथरुणावर होती आणि सात वर्षं ती दुकानातून तडक घरी येत होती. त्यामुळे आई गेल्यावर संध्याकाळचं काय करायचं हेच तिला सुचेनासं झालं होतं. सहा वाजले की हात आपोआप पाणी गरम करायला ठेवायचे. अशा त्या दिवसांत एकदा जेवताना बाबा म्हणाले, “शुक्रवारी सुट्टी घे. सह्या करायला जायचंय. दादाही येतोय.” कसल्या, ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. विचारलं दुसऱ्या दिवशी दुकानातल्या गल्ल्यावरच्या बाईने, “सुट्टी कशाला गं?” आणि सह्यांचं ऐकल्यावर ती हसली. “लग्न न झालेल्या बहिणीच्या सह्या? कशाला लागतात माहीत नाही होय तुला? माझ्याही घेतल्या होत्या. वर हॉटेलात जेवायला घातलं.” शुक्रवारी त्या कचेरीतल्या माणसाने चष्मा सरसावून मोठ्याने वाचलं होतं, “हक्क सोडला जातोय. मान्य आहे ना?” बाबा म्हणाले, हो. दादा म्हणाला, हो. मग तो तिच्याकडे वळला. तीही म्हणाली, हो. जांभळ्या शाईत अंगठा बुडवताना तिला वाटलं होतं, आपला अंगठा आता थंड पडेल, कायमचा. पडला नाही. कोणीतरी तिच्या हातात कापसाचा बोळा दिला. तिघं पायऱ्या उतरली तेव्हा बाबा म्हणाले, “झालं. आता माझ्या डोक्याला ताप नाही.” आणि दादा म्हणाला, “चला, कुठेतरी जेवू या.” जेवायला! गल्ल्यावरच्या बाईचं हसू तेव्हा तिच्या कानात असं वाजलं, की ती डोकं दुखतंय म्हणून एकटीच घरी निघून आली. त्यांनी कागद घरी आणून टेबलावर ठेवला. चार दिवस तो तिथेच होता. ती त्यावरून धूळ पुसायची, पण उघडून बघायची नाही. लुटणाऱ्याने लुटीची यादी दिली म्हणून काय ती वाचत बसायची? पाचव्या दिवशी बाबांनी विचारलं, “कागद वाचलास ना?” आणि ती म्हणाली, “वाचला.” बाबांनी तो उचलून कपाटात ठेवला.

आता ती तो वाचत होती. दुसऱ्या पानावर मधोमध, सरकारी शब्दांच्या गर्दीत, दोन ओळी होत्या. त्या कोणा वकिलाच्या नव्हत्या. त्यात बाबांचं वळण होतं, कमी शब्दांत काटकोनात वळणारं. ‘लिहून घेणार हिने आपल्या आईची सात वर्षे सेवा केली. तिला कोणाच्याही मेहेरबानीवर न राहता स्वतःच्या हक्काच्या घरात राहता यावे, अशी तिच्या आईची इच्छा होती व आमचीही आहे.’ शेजारचा म्हातारा मघापासून तिच्या कागदात डोकावत होता. “काय, वादाचं आहे का?” त्याने आपुलकीने विचारलं. “नाही,” ती म्हणाली. “वाद नाहीच आहे काही.” आणि तिला एकदम वाटलं की हा व्हरांडा, हे छत, हा पांढरा उजेड सगळं जरासं वर उचललं गेलंय, आणि आपण तेवढ्या खालीच राहिलोय.

दुकानात उशीर होईल असं कळवून ती चालत निघाली. बस पकडायचं तिच्या लक्षातच आलं नाही. ऊन कोवळं होतं, रस्ते ओळखीचे. पण त्यांच्या कडा हलत होत्या, चुकीच्या नंबरचा चष्मा लावल्यासारख्या. बाबा पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचे. शहराच्या पोटातून कुठून कोणता नळ जातो ते त्यांना हाताच्या रेषांसारखं माहीत होतं, आणि रस्त्याने चालताना ते मध्येच थांबून काठीने जमिनीवर टकटक करायचे. “इथून नऊ इंची जाते. आणि त्या दिव्याच्या खांबाशी वळते.” लहानपणी तिला वाटायचं, बाबांना जमिनीच्या आरपार दिसतं. दादा दातांच्या कवळ्या बनवायला शिकला आणि ती चष्म्याच्या दुकानात लागली, तेव्हा बाबा म्हणाले होते, “डोळ्यांची सोय झाली, दातांची झाली. आता फक्त म्हातारं व्हायचं तेवढं माझ्याकडे राहिलं.” घरातला तो शेवटचा मोठा विनोद. नंतर आई आजारी पडली, आणि आई गेल्यावर लेकीने घर गप्प करून टाकलं.

भांडून नव्हे. भांडण ती करतच नसे, तिचा सगळा कारभार व्याकरणाचा होता. आईच्या मागे ती ‘आपलं घर’ म्हणायची बंद झाली. ‘तुमचं घर.’ “तुमच्या भिंतीला खिळा ठोकू का?” “तुमच्या खिडकीला पडदे हवेत का नवे?” बाबा चष्म्यावरून बघायचे. “अगं, आपल्या म्हण,” ते म्हणायचे, शुद्धलेखन दुरुस्त करावं तसं. ती म्हणायची, “हो, तेच,” आणि पुढच्या वेळी पुन्हा ‘तुमच्या’. त्यांचं खाणं, औषधं, डॉक्टर, कशात ती तसूभर कमी पडली नाही. कमी पडायचंच नव्हतं तिला. मेहेरबानीवर राहणाऱ्याने हिशेबात चोख असावं, असं तिने ठरवून टाकलं होतं, आणि त्या चोखपणात एक बारीक थंड पातं होतं, ते तिला एकटीलाच दिसायचं. निदान तसं ती समजायची. घरपट्टीचं बिल दरवर्षी बाबांच्या नावाने यायचं आणि नावापुढे छापलेलं असायचं, ‘व इतर एक’. तो इतर एक म्हणजे दादा. दर रविवारी तो फोन करायचा, पाच तासांवरच्या त्याच्या गावाहून, आणि ती म्हणायची, “हो, बरंय. बाबांना देते.” त्याने बोलावलं की दुकानात काम असायचं. त्याच्या मुलीने एकदा पत्र पाठवलं, आत्या, तू इथे राहायला का येत नाहीस. तिने उत्तरात तिला फक्त डोळ्यांची काळजी घ्यायला सांगितलं. इतर एक. घराच्या दारात किल्ली फिरवताना तिला ते दोन शब्द आठवले आणि तिचा हात कुलुपावर तसाच राहिला. दरवर्षी तिच्याच हातात कोणीतरी तिचंच नाव आणून देत होतं, आणि ती ते बाबांच्या टेबलावर चिमटीत धरून ठेवत होती.

घर रिकामं होतं. तीन खोल्या, मागे अरुंद सज्जा. तिला वाटलं होतं, आता हे वेगळं दिसेल. भिंती जवळ येतील, किंवा काहीतरी म्हणतील. भिंती काही म्हणाल्या नाहीत. खुर्चीच्या पाठीवर बाबांचं डोकं टेकून टेकून एक काळसर गोल झाला होता. ती त्यासमोर उभी राहिली. वाचला, असं ती म्हणाली होती. त्या एका शब्दावर बाबांनी विश्वास ठेवला होता. आपण मुलीला घर दिलं, मुलीने कागद वाचला, आणि त्या दिवसापासून मुलगी ‘तुमचं घर’ म्हणायला लागली. त्यांनी याची जुळणी कशी केली असेल? जमिनीच्या आरपार बघणारा माणूस रोज तिच्या समोर बसून जेवत होता.

दादाला तिने फोन केला. “सह्यांना यावं लागेल तुला.”

“येतो की. गुरुवारी चालेल? मी पुन्हा सोडून देतो, म्हणजे तुला कटकट नाही.”

“पुन्हा,” ती म्हणाली.

“काय?”

“काही नाही. गुरुवारी ये.”

गुरुवारी तो थेट कचेरीतच आला. जिन्याने वर येताना त्याने कठडा धरला होता, हे तिने वरून पाहिलं. तीन महिन्यांपूर्वी तो आला होता तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं आणि तिने त्याच्याकडे नीट बघितलं नव्हतं. त्याआधीची अकरा वर्षं तर मुद्दामच नाही. केस पांढरे झाले होते. बोटांच्या टोकांना कवळ्यांच्या मसाल्याचा गुलाबी डाग होता, धुऊनही न जाणारा. “काय खडू,” तो म्हणाला. लहानपणी ती खडू खायची, तेव्हापासूनचं नाव. त्याच्याशिवाय आता ते कोणाला माहीत नव्हतं. रांगेत तो तिच्या मागे उभा राहिला आणि आपल्या शर्टाच्या खिशातून पेन काढून, टोपण उघडून, तयार राहिला, जसं काही परीक्षाच आहे.

“सोडायचंय ना?” कारकूनबाईंनी विचारलं.

“हो,” तो म्हणाला.

“नाही,” ती म्हणाली. “त्याचंही नाव लावायचंय. बाबांच्या निम्म्यात त्याचा निम्मा. त्याचा आहे तो.”

“अगं, मला काय करायचाय? मी कुठे राहायला येणारे?”

“नसशील येणार. पण तुझं आहे.”

“तुझ्या एकटीच्या नावावर असलं की बरं. उद्या माझ्या माघारी पोरांनी काही—”

“दादा, मला नको.”

“मलाही नको!”

कारकूनबाईंनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. “अहो, इथे रोज डोकी फुटतात लोकांची, मला द्या, मला द्या म्हणून. नको-नको म्हणून भांडणारे तुम्ही पहिलेच. बाहेर जाऊन ठरवा आणि या.”

ती दोघं जिन्याच्या वळणावर येऊन उभी राहिली. तिथे एक उंच अरुंद खिडकी होती आणि खाली अंगणात कोणाच्या तरी सायकली ऊन खात होत्या. दादा हसत होता. “बाबा असते ना, तर म्हणाले असते—” आणि तिला वाटलं, आत्ता नाही सांगितलं तर हे हसू खोटं राहील, पुढचे सगळे रविवार खोटे राहतील. “दादा, मी तो कागद वाचला नव्हता,” ती म्हणाली. तो हसतच होता. “कुठला?” “आई गेल्यानंतरचा. मला वाटलं होतं, तुम्ही माझ्याकडून लिहून घेतलंत. माझा हिस्सा. मला परवापर्यंत तसंच वाटत होतं.”

त्याचं हसू एकदम गेलं नाही. चेहऱ्यावर ते तसंच राहिलं आणि त्याच्या आतून तो निघून गेला. खाली कोणीतरी सायकल स्टँडवरून काढली, घंटी चुकून वाजली. “म्हणजे अकरा वर्षं,” तो म्हणाला. “अकरा वर्षं तू आम्हाला चोर समजत होतीस.” तिने मान हलवली. “आणि त्यांचं सगळं करत होतीस. गोळ्या देत होतीस, पाय चेपत होतीस. चोराचे.” तिची नजर त्याच्या गुलाबी बोटांवर गेली. “मला समज, माझं काही नाही. मी लांब होतो. पण ते रोज समोर होते गं तुझ्या.” तो खिडकीकडे वळला. तिच्याकडे न बघता तो म्हणाला, “मी एकदा विचारलं होतं त्यांना, ही अशी का वागते. म्हणाले, तिचा राग माझ्यावर नाहीये. आई गेली त्याचा राग आहे तो. सात वर्षं जिवाचं रान केलं आणि तरी आई राहिली नाही, मग कोणावर तरी निघणारच. माझ्यावर निघू दे, म्हणाले. मी घट्ट आहे.”

ती भिंतीला टेकली. भिंत गार होती. बाबांनी तिच्या रागाला, तिला कधी सुचलं नसतं असं चांगलं कारण शोधून दिलं होतं, आणि त्या कारणाच्या आडोशाला दोघं अकरा वर्षं राहिली होती. तिला रडू येईल असं वाटलं, आलं नाही. आलं ते निराळंच काहीतरी, झोपेतून उठल्यावर आपण कोणत्या खोलीत आहोत हे कळायच्या आधी येतं तसं.

“चल,” दादा म्हणाला. “लावू माझं नाव. आता लावतोच. इतकी वर्षं तू मला मालक धरून चाललीस, तर खरं तरी होऊ दे.” हे तो रागाने म्हणाला. काचेपुढे त्याने चार ठिकाणी सह्या केल्या, पेन दाबून, इतकं की खालच्या कागदावर उमटलं. कारकूनबाईंनी पोच दिली आणि सुनावणीची तारीख सांगितली. ती म्हणाली, “घरी येतोस ना?” “तीनची बस आहे,” तो म्हणाला. आणि गेला. जिना उतरताना त्याने कठडा धरला नव्हता.

नोटीस तिसऱ्या दिवशी लागली. इमारतीच्या दारात, पत्रपेट्यांच्या वर, चार कोपऱ्यांना चिकटपट्टी. सदर मिळकतीच्या नोंदीतून अमुक यांचे नाव कमी करून खालील नावे दाखल करण्यात येत आहेत; कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांच्या आत लेखी कळवावी. येताजाता सगळे वाचत. खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर तिला अडवून म्हणाले, “माझी आहे हं हरकत. तुमच्या मोरीचं पाणी आमच्या भिंतीत उतरतं. तुमच्या वडिलांना मी चार वेळा सांगितलं.” “बघते मी,” ती म्हणाली, आणि जिना चढता चढता तिच्या ध्यानात आलं की हे आता खरंच तिलाच बघायचंय. तिने प्लंबर बोलावला. प्लंबर जमिनीला कान लावून ऐकत होता, तेव्हा ती दारात उभी राहून बघत होती, आणि एकदा तिला वाटलं, सांगावं याला, वळण त्या कोपऱ्यात आहे. ते तिथेच निघालं.

ते पंधरा दिवस तिला पुढे नीट आठवायचे नाहीत. दुकानात ती लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलत राहायची आणि विचारायची, हे बरं की ते बरं? आणि उत्तर यायच्या आत तिचं मन दुसरीकडे गेलेलं असायचं, एखाद्या जुन्या संध्याकाळी, जिथे बाबा ताट बाजूला सारताहेत, किंवा वर्तमानपत्राची घडी घालताहेत. त्या प्रत्येक संध्याकाळीत शिरून ती काहीतरी बदलून बघायची. इथे ‘आपल्या’ म्हणायचं. इथे थांबून बसायचं थोडं. संध्याकाळी काही बदलायच्या नाहीत, पण आत जाता यायचं, एवढंच. घरी तिने बाबांचं कपाट लावायला काढलं. त्यांना कळलं होतं का, याचा कुठे एखादा शब्द सापडेल असं तिला वाटत होतं. सापडल्या त्या वह्या, घरदुरुस्तीच्या, नकाशावरच्या अक्षरांत लिहिलेल्या: सज्ज्याच्या दाराची बिजागरी बदलली. स्वयंपाकघरातला दिवा. मोरीची गळती, पुन्हा. बाकी काही नाही. तिने सगळ्या वाचून काढल्या. शेवटच्या वहीत निम्मी पानं कोरी होती. तिने पेन घेतलं आणि शेवटच्या ओळीखाली लिहिलं, मोरीची गळती, काढली. अक्षर बाबांच्या शेजारी गिचमिड दिसत होतं.

दादाचा रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. तिनेही केला नाही. करायला तिला तोंड नव्हतं.

सुनावणीच्या दिवशी ती वेळेच्या आधी पोचली. त्याच काचेच्या छताखाली बाकांवर माणसं होती. नाव पुकारायला अवकाश होता. धापा टाकत कोणीतरी शेजारी येऊन बसलं, आणि तिने मान वळवायच्या आधी गुलाबी डागांची बोटं पाहिली.

“बस उशिरा सुटली,” तो म्हणाला. मग दम खाऊन, समोर बघत, “घरी सांगितलं मी. तुझ्या वहिनीला. मला वाटलं, तीही चिडेल तुझ्यावर.”

“मग?”

“म्हणाली, तुम्ही दोघांनी तिला बसवून, काय करतोय ते सांगितलं होतं का आधी? म्हटलं, सांगायचं काय त्यात? घेत थोडेच होतो, देतच तर होतो. तर म्हणते, देताना सांगावं लागत नाही असं कोणी सांगितलं तुम्हाला?” तो हाताची बोटं एकमेकांत अडकवून बसला होता. “नव्हतं सांगितलं. खरंच. आम्हाला दोघांना वाटलं, दुसऱ्याने सांगितलं असेल.”

तिने आपली पिशवी दोघांच्या मधून उचलून पायाशी ठेवली, आणि तो तेवढा सरकला.

आतला अधिकारी तरुण होता, सर्दी झालेला. त्याने अर्ज उलटला, दोघांचे चेहरे फोटोंशी ताडून पाहिले आणि ठरलेल्या सुरात वाचायला सुरुवात केली. बाबांचं नाव त्याने पूर्ण उच्चारलं. ते नाव कमी करण्यात येत आहे, असं म्हटलं. मग तिचं, मग दादाचं. मग त्याने मान वर केली आणि त्यांच्या डोक्यावरून मागच्या मोकळ्या खोलीकडे बघत विचारलं, “कोणाची काही हरकत?”

विचारायचं म्हणून विचारलं होतं त्याने. खोलीत आणखी कोणी नव्हतं, दार अर्धवट उघडं होतं, बाहेरून व्हरांड्याचा पांढरा उजेड लादीवर येऊन पसरला होता. पण ती थांबली. बाबा कधी तोंडाने नाही म्हणत नसत. नापसंत असलं की खाकरायचे, एकदाच, हलकेच, आणि सगळ्यांना समजायचं. ती मान किंचित मागे करून उभी राहिली. पंख्याचा आवाज होता. कुठेतरी खुर्ची सरकली. तिने डोळ्यांच्या कडेने पाहिलं, तर दादाही तसाच उभा होता, मान तिरकी करून, श्वास धरून.

अधिकारी वाट बघत होता. मग त्याने रुमालाने नाक पुसलं, पेन उचललं आणि लिहिता लिहिता, अगदी सहज, एखाद्याची समजूत घालावी इतक्या मऊ आवाजात म्हणाला, “हरकत नाही.”